नमुन्यांच्या सरासरीवरून समष्टीची सरासरी कशी काढावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संख्याशास्त्राचे वर्ग घेताना आणि महाविद्यालयीन पाहणी-प्रकल्प तपासताना पुण्यात गेली अनेक वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा माझ्यासमोर आले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. विचारणाऱ्यांत विद्यार्थी अधिक असले, तरी गृहनिर्माण संस्थेच्या पाणीवापराचा हिशेब मांडणारे सचिव आणि शेतमालाच्या वजनाचा अंदाज बांधू पाहणारे व्यापारीही असतात, म्हणून शक्य तेथे सूत्राऐवजी शब्दांत आणि आकड्यांत सांगितले आहे. शालेय पुस्तकांत ज्याला ‘मध्य’ म्हणतात त्यालाच येथे ‘सरासरी’ म्हटले आहे. उदाहरणांतील आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीचे निष्कर्ष समजू नयेत.

समष्टी म्हणजे नेमके काय, आणि ती आधी का ठरवावी लागते?

ज्या संपूर्ण समूहाविषयी आपल्याला विधान करायचे आहे तो समूह म्हणजे समष्टी, आणि त्यातून प्रत्यक्ष मोजण्यासाठी निवडलेला भाग म्हणजे नमुना. समष्टी माणसांचीच असते असे नाही. मार्केट यार्डातील एका गाळ्यावर आज उतरलेल्या कांद्याच्या सगळ्या गोण्या हीसुद्धा समष्टीच आहे.

व्याख्या सोपी असली तरी काम सोपे नाही. ‘पुण्यातील कुटुंबांचा सरासरी मासिक खर्च’ असा विषय घेऊन विद्यार्थी येतात, तेव्हा पुणे म्हणजे महापालिकेची हद्द की पिंपरी-चिंचवडसह सगळे महानगर, पुणे आणि खडकी या छावण्यांचे भाग धरायचे की नाही, आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत राहणारी चार मुले हे एक कुटुंब, चार कुटुंबे की कुटुंबच नाही, या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे बहुधा नसतात. ती कागदावर आल्याशिवाय नमुना काढायला बसू नये, कारण ज्या समष्टीची हद्दच ठरलेली नाही तिची सरासरी कोणत्याच सूत्राने निघत नाही.

एका लहान नमुन्याची सरासरी साऱ्या समष्टीबद्दल काही सांगू शकते, यावर विश्वास का ठेवावा?

हे एकदा हाताने करून पाहिल्यावरच पटते, म्हणून मी प्रत्येक वर्गात पाच चिठ्ठ्यांचा खेळ घेतो. एका गटातील पाच विद्यार्थ्यांना घरून महाविद्यालयात पोहोचायला अनुक्रमे १०, २०, ३०, ४० आणि ७५ मिनिटे लागतात असे धरू. पंचाहत्तर मिनिटेवाला तळेगावहून लोकलने येतो. या पाच जणांची समष्टी धरली, तर तिची सरासरी १७५ भागिले ५, म्हणजे ३५ मिनिटे आहे. आता ही सरासरी आपल्याला ठाऊक नाही असे समजून पाचांतून दोनच चिठ्ठ्या काढायच्या आहेत.

दोन-दोनच्या जोड्या एकूण दहा होतात, आणि त्यांच्या सरासऱ्या अशा येतात: १५, २०, २५, ४२.५, २५, ३०, ४७.५, ३५, ५२.५ आणि ५७.५. नीट पाहिले तर दहांपैकी फक्त एकाच जोडीने, म्हणजे ३० आणि ४० यांच्या जोडीने, अचूक ३५ दिले आहे. बाकीच्या नऊ चुकल्या आहेत, आणि काही तर चांगल्याच चुकल्या आहेत. परंतु या दहाही सरासऱ्यांची बेरीज ३५० येते आणि तिची सरासरी बरोबर ३५. जी जोडी वर चुकते तिची भरपाई खाली चुकणाऱ्या जोड्या करतात, आणि हे या पाच आकड्यांपुरते जुळून आलेले नाही. प्रत्येक जोडीला निवडले जाण्याची सारखीच संधी असेल, तर कोणतेही आकडे घेतले तरी हे असेच घडते. संख्याशास्त्रात नमुन्याच्या सरासरीला समष्टीच्या सरासरीचा अनभिनत अंदाज म्हणतात, तो याच अर्थाने: एखादा नमुना चुकू शकतो, पण निवडीच्या पद्धतीला वर किंवा खाली असा कायमचा झुकाव नसतो.

याच चिठ्ठ्यांतून तीन-तीन किंवा चार-चार काढल्या, तर सरासऱ्या ३५ च्या भोवती अधिक दाट जमतात. दोनच्या नमुन्यांच्या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे आपल्या सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत याचे माप, १३.७ मिनिटे येते, तीनच्या नमुन्यांचे ९.१ आणि चारच्या नमुन्यांचे ५.६. पाचही चिठ्ठ्या काढल्या की ते शून्य होते. वाचकांनी हा हिशेब कागदावर एकदा तरी करावा असा माझा आग्रह आहे. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि पुढचे सर्व काही त्यावर उभे आहे.

पण प्रत्यक्षात आपल्या हाती एकच नमुना असतो. तो किती चुकला हे कसे कळणार?

तो नमुना नेमका किती चुकला हे कळत नाही. त्या पद्धतीने काढलेले नमुने साधारणपणे किती चुकतात हे मात्र कळते, आणि तेही हाती असलेल्या एकाच नमुन्यातून, ही या शास्त्रातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. नमुन्यातील आकडे एकमेकांपासून किती विखुरलेले आहेत हे पाहून समष्टीतील विखुरलेपणाचा अंदाज येतो. त्या प्रमाण विचलनाला नमुनासंख्येच्या वर्गमूळाने भागले की मिळते ती प्रमाण त्रुटी.

समजा एका गाळ्यावर कांद्याच्या ६०० गोण्या आहेत आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ३६ गोण्या काट्यावर चढवल्या. सरासरी वजन ४८.६ किलो आले आणि प्रमाण विचलन १.८ किलो. छत्तीसचे वर्गमूळ ६, म्हणून प्रमाण त्रुटी १.८ भागिले ६, म्हणजे ०.३ किलो. याचा अर्थ असा की, अशा ३६-३६ गोण्यांचे नमुने पुन्हा पुन्हा काढले असते, तर त्यांच्या सरासऱ्या खऱ्या सरासरीभोवती सुमारे ०.३ किलोच्या प्रमाण विचलनाने पसरल्या असत्या.

प्रमाण विचलन काढताना नमुनासंख्येतून एक वजा करून का भागतात?

पाच चिठ्ठ्यांकडे परत जाऊ. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज चाराने भागली की समष्टीचे प्रचरण ६२५ येते, आणि प्रचरणाचे वर्गमूळ म्हणजेच प्रमाण विचलन. आता दहाही जोड्यांची प्रचरणे काढली आणि प्रत्येक वेळी दोनातून एक वजा करून, म्हणजे एकाने भागले, तर त्या दहा प्रचरणांची सरासरी बरोबर ६२५ येते. दोनाने भागले असते तर ती ३१२.५ आली असती, म्हणजे निम्मी. कारण असे की, नमुन्यातील आकड्यांचे अंतर आपण समष्टीच्या खऱ्या सरासरीपासून मोजत नाही, ती ठाऊकच नसते. आपण ते नमुन्याच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजतो, आणि ती तर त्याच आकड्यांच्या मधोमध बसलेली असते. त्यामुळे विखुरलेपणा आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि एक वजा केल्याने ती तूट भरून निघते. नमुना शंभर-दोनशेचा असेल तर या एकाने फारसे बिघडत नाही. चार-पाचाच्या नमुन्यात मात्र बरेच बिघडते.

विश्वास-अंतराल कसा काढतात?

विश्वास-अंतराल म्हणजे एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा दिलेला अंदाज. सरासरीच्या दोन्ही बाजूंना प्रमाण त्रुटीच्या सुमारे दुप्पट अंतर घेतले की ९५ टक्के विश्वासाचा अंतराल मिळतो. मोठ्या नमुन्यासाठी ही पट १.९६ असते. लहान नमुन्यात प्रमाण विचलन हाही अंदाजच असल्यामुळे पट थोडी वाढवावी लागते, आणि ती किती वाढवायची हे विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये दाखवून दिले. ते डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करत आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत, म्हणून त्या कोष्टकाला आजही स्टुडंटचे टी-कोष्टक म्हणतात. कारखान्यातील प्रयोगांत मोजक्याच नोंदी हाती येत, आणि त्या मोजक्या नोंदींवरून कितपत बोलावे हाच त्यांचा प्रश्न होता.

छत्तीस गोण्यांसाठी ही पट २.०३ आहे. तिला ०.३ ने गुणले की ०.६१ किलो, म्हणून अंतराल ४८.० ते ४९.२ किलो असा येतो. सहाशे गोण्यांच्या एकूण वजनासाठी हेच आकडे सहाशेने गुणले, तर अंदाज २९,१६० किलो आणि अंतराल सुमारे २८,८०० ते २९,५२० किलो. सव्वासात क्विंटलांचा हा फरक व्यवहारात चालतो की नाही, हे संख्याशास्त्र ठरवत नाही. ते गाळेवाल्याने आणि शेतकऱ्याने ठरवायचे असते. नऊच गोण्या मोजल्या असत्या, तर पट २.३१ झाली असती आणि प्रमाण त्रुटीही दुप्पट, म्हणजे ०.६ किलो.

‘९५ टक्के विश्वास’ म्हणजे खरी सरासरी या अंतरालात असण्याची शक्यता ९५ टक्के, असेच ना?

असे नाही, आणि परीक्षेत सर्वाधिक गुण येथेच जातात. सहाशे गोण्यांची खरी सरासरी ही एक ठरलेली संख्या आहे. ती आपल्याला ठाऊक नसली तरी जागची हलत नाही. हलतो तो अंतराल, कारण नमुना बदलला की तो बदलतो. वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांनी त्याच गोण्यांतून स्वतंत्र नमुने काढून चाळीस अंतराल मांडले, तर त्यांपैकी साधारण अडतीस खऱ्या सरासरीला सामावून घेतील आणि दोनेक चुकतील, असे ते विधान आहे. माझा अंतराल त्या अडतिसांतला की दोहोंतला, हे मला कधीच कळत नाही. विश्वास पद्धतीवर आहे, एका उत्तरावर नाही.

अनेक नमुन्यांच्या सरासऱ्या हाती असतील, तर त्या एकत्र कशा कराव्यात?

याचे उत्तर ते नमुने कुठून आणि कसे आले यावर अवलंबून आहे, म्हणून तीन परिस्थिती वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

पहिली, सर्व नमुने एकाच समष्टीतून, सारख्याच संख्येचे आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढलेले. महाविद्यालयातील प्रवासवेळेसाठी आठ गटांनी प्रत्येकी २५ विद्यार्थ्यांचा नमुना घेतला आणि सरासऱ्या ३४, ३७, ३१, ३६, ३९, ३३, ३५ आणि ३५ मिनिटे आल्या असे धरू. त्यांची साधी सरासरी ३५ हाच उत्तम अंदाज. मूळ दोनशे नोंदी हाती नसल्या तरी त्रुटी काढता येते: या आठ सरासऱ्यांचे प्रमाण विचलन २.४५ आहे, त्याला आठाच्या वर्गमूळाने भागले की ०.८७ मिनिटे, आठ सरासऱ्यांसाठी टी-कोष्टकातील पट २.३७ असल्याने अंतराल ३३ ते ३७ मिनिटे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी भारतातील मोठ्या पाहण्यांत एकाच समष्टीतून असे स्वतंत्र उपनमुने काढून ते वेगवेगळ्या चमूंकडे देण्याची पद्धत रुजवली. तिचा दुसरा लाभ असा की एखाद्या चमूची सरासरी बाकीच्यांहून फारच दूर गेली, तर मोजणाऱ्यांच्या कामात काही गडबड आहे का हे तपासायला जागा मिळते.

दुसरी, नमुने एकाच समष्टीतले पण लहानमोठे. चार गटांनी १०, २५, ४० आणि २५ विद्यार्थ्यांना विचारले आणि सरासऱ्या ४१, ३६, ३३ आणि ३८ आल्या. सरळ चाराने भागले तर ३७ येते. परंतु त्यात दहा जणांच्या मताला चाळीस जणांच्या मताइतकेच वजन मिळते, जे अन्यायाचे आहे. प्रत्येक सरासरीला तिच्या नमुनासंख्येने गुणून, बेरीज करून, एकूण शंभराने भागावे, उत्तर ३५.८ मिनिटे.

तिसरी परिस्थिती सर्वांत जास्त गोंधळ घालते: नमुने समष्टीच्या वेगवेगळ्या स्तरांतून आलेले असतात. एका गृहनिर्माण संस्थेत ३०० सदनिका आहेत; १२० वन बीएचके, १५० टू बीएचके आणि ३० थ्री बीएचके. प्रत्येक प्रकारातून दहा-दहा सदनिकांचे मीटर पाहिले आणि रोजचा सरासरी वापर ३५०, ५२० आणि ८०० लिटर आला. सचिवांनी तिन्हींची सरासरी काढून ५५७ लिटर लिहिली, आणि तीनशेने गुणून रोजची गरज सुमारे १ लाख ६७ हजार लिटर ठरवली. येथे नमुनासंख्या सारखी असूनही साधी सरासरी चुकते, कारण वजन नमुनासंख्येचे नव्हे तर समष्टीतील त्या स्तराच्या आकाराचे द्यायला हवे. तसे केले तर उत्तर ४८० लिटर येते आणि रोजची गरज १ लाख ४४ हजार लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरांत मोजले तर रोज दोनहून अधिक टँकरांचा फरक पडतो, आणि उन्हाळ्यात तो फरक प्रत्येक सभासदाच्या देखभाल खर्चात दिसतो.

प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांत लोक नेहमी गल्लत का करतात?

दोन्ही पसरलेपणाचीच मापे आहेत आणि दोन्हींचे एकक एकच असते, म्हणून. प्रमाण विचलन एकेका गोणीच्या वजनातला फरक सांगते, प्रमाण त्रुटी नमुन्याच्या सरासरीतला. वरील आठ गटांच्या उदाहरणात २.४५ हे सरासऱ्यांचे विचलन आहे. एकेका विद्यार्थ्याच्या प्रवासवेळेचे विचलन हवे असेल, तर त्याला पंचविसाच्या वर्गमूळाने गुणावे लागते आणि ते सुमारे १२.२ मिनिटे येते. आणखी गोण्या मोजल्याने गोण्या एकसारख्या होत नाहीत. त्यांच्या सरासरीबद्दलची आपली खात्री तेवढी वाढते.

पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी हजार जणांचा नमुना पुरेल का? निदान एक टक्का तरी नको का?

एक टक्का, पाच टक्के अशी मागणी मार्गदर्शकांकडूनही होते, पण तिला आधार नाही. प्रमाण त्रुटी ठरते ती मुख्यतः नमुनासंख्येवर, समष्टीच्या आकारावर नव्हे. समष्टी मर्यादित असली तर एक सुधारक गुणक लावतात: एकातून नमुन्याचे प्रमाण वजा करून त्याचे वर्गमूळ. दहा हजारांच्या गावातून हजार जण घेतले तर तो गुणक ०.९५ येतो, म्हणजे त्रुटी पाच टक्क्यांनी कमी होते. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती. तीतून हजार जण घेतले तर गुणक जवळजवळ एकच राहतो. म्हणजे दहा हजारांचे गाव असो की एकतीस लाखांचे शहर, लोकांतील विखुरलेपणा सारखा असेल तर हजारांचा नमुना जवळजवळ सारखेच उत्तर देतो. कढीतले मीठ पाहायला एक पळी पुरते, मग कढी घरच्या पातेल्यातली असो की लग्नाच्या कढईतली. मात्र ती आधी ढवळलेली हवी.

मग नमुना किती मोठा घ्यावा? ‘किमान तीस’ हा नियम बरोबर आहे का?

आधी किती त्रुटी चालेल ते ठरवावे. गोण्यांच्या उदाहरणात ०.३ किलोपर्यंतची चूक (येथे ९५ टक्के अंतरालाची अर्धी रुंदी, प्रमाण त्रुटी नव्हे) चालणार असेल, तर १.९६ ला १.८ ने गुणावे, ०.३ ने भागावे आणि येणाऱ्या ११.७६ चा वर्ग करावा, १३८.३ येतो, म्हणून १३९ गोण्या मोजाव्या लागतील. विचलन आधी ठाऊक नसल्यास वीस-तीस नोंदींची छोटी चाचणी पाहणी करून त्याचा अंदाज घ्यावा. त्रुटी निम्मी करायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. खर्चाचा अर्ज भरण्यापूर्वी हे लक्षात घेतलेले बरे.

‘तीस’ हा नियम नाही, कामचलाऊ खूण आहे. नमुना मोठा होत गेला की सरासऱ्यांचे वितरण घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राकडे झुकते, मग मूळ आकडे कसेही विखुरलेले असोत. याला केंद्रीय सीमा प्रमेय म्हणतात. नाणेफेकीपुरते ते द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये दाखवले होते आणि लाप्लास यांनी १८१० मध्ये ते व्यापक रूपात मांडले. गोण्यांची वजने दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असतात, तेथे दहा-पंधराही पुरतात. कुटुंबांचे उत्पन्न किंवा घरभाडे असेल, जेथे बहुतेक आकडे खाली आणि मोजके फार वर असतात, तेथे तीसच काय, शंभरही कधी कधी अपुरे पडतात.

माझा नमुना मोठा होता, त्रुटी लहान होती, तरीही उत्तर चुकले. असे का झाले?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरचे प्रत्येक सूत्र एकाच प्रकारची चूक मोजते: चिठ्ठी कोणाची निघाली या योगायोगामुळे होणारी. निवडीत किंवा मोजणीत एका बाजूचा झुकाव असेल, म्हणजे वर्गात आपण ज्याला सर्रास बायस म्हणतो तो असेल, तर प्रमाण त्रुटीला त्याची खबर नसते. नमुना वाढवला तर अंतराल अरुंद होतो, पण चुकीच्या जागी.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी मार्केट यार्डातील एका गाळ्यावर गेलो होतो. हमाल मंडळी कामात होती, म्हणून मुलांनी थप्पीच्या पुढच्या बाजूच्या, हाताशी येतील अशा गोण्या वजनकाट्यावर चढवल्या. हिशेब नीटनेटका झाला, प्रमाण त्रुटीही लहान आली. नंतर तोलणाराने सहज सांगितले की पुढचा माल दोन दिवसांपूर्वीचा, वारा लागून सुकलेला, आणि मागचा त्याच सकाळी उतरलेला. मागच्या गोण्या चढवल्यावर काटा लगेच पुढे सरकला. शिवाय कोणी बारदानाचे वजन वजा केलेच नव्हते, ही दुसरी चूक त्यानंतर लक्षात आली. निवडीतला दोष सरासरी खाली ओढत होता आणि मोजणीतला वर. दोन्ही चुका एकमेकींना अंशतः झाकत होत्या, म्हणूनच आकडा पाहून कोणालाच शंका आली नव्हती. मुलांना चिठ्ठ्या टाकण्याची सक्ती आधी केली नाही, ही चूक माझी होती.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. थप्पी तशी नसते आणि शहरही तसे नसते. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता दार ठोठावले तर निवृत्त मंडळी भेटतात, हिंजवडीला गेलेले भेटत नाहीत. त्यांच्याऐवजी शेजारचे उघडे दार घेतले की नमुना पूर्ण होतो, पण त्याचा समष्टीशी संबंध सैल होतो. बंद दाराकडे संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जाणे हाच त्यावरचा उपाय आहे.

या बाबतीत आपल्याकडचे एक उदाहरण फार शिकवणारे आहे. सातारा जिल्ह्यात जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास करताना १९४६ मध्ये दाखवून दिले की, शेतात अगदी लहान तुकडे आखून त्यांतील पीक कापले, तर दर एकरी उताऱ्याचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. तुकडा लहान असला की त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कड लांब असते. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर असा प्रश्न प्रत्येक वेळी पडतो, आणि कापणाऱ्याचा हात ते आत धरण्याकडे वळतो. असे हजारो लहान तुकडे कापले तरी हा झुकाव जात नाही, कारण प्रत्येक तुकड्यात तो त्याच दिशेने असतो. तुकडा मोठा घेतला की कडेचा वाटा घटतो आणि अंदाज जागेवर येतो.

विद्यार्थ्यांना विचारून कुटुंबातील मुलांची सरासरी संख्या काढता येईल का?

थेट काढता येणार नाही. चार कुटुंबांत अनुक्रमे १, १, २ आणि ४ मुले असतील तर कुटुंबामागे सरासरी २ मुले. पण आठही मुलांना ‘तुम्ही किती भावंडे, स्वतःला धरून?’ असे विचारले, तर दोघे १ म्हणतील, दोघे २ आणि चौघे ४, सरासरी २.७५ येईल. मोठ्या कुटुंबातील मूल आपल्या नमुन्यात येण्याची संधीच अधिक असते, आणि मूल नसलेली कुटुंबे तर येऊच शकत नाहीत. बसथांब्यावर ‘आठवड्यातून किती वेळा बसने जाता?’ असे विचारतानाही हेच घडते.

यादृच्छिक निवड प्रत्यक्षात कशी करावी?

यादृच्छिक निवड म्हणजे प्रत्येक घटकाला सारखी संधी देणारी, योगायोगावर सोडलेली निवड. त्यासाठी सर्व घटकांची यादी करावी, क्रमांक द्यावेत आणि क्रमांक निवडण्याचे काम माणसाच्या मनावर सोडू नये. चिठ्ठ्या चालतात, संगणकही चालतो. पूर्वी त्यासाठी छापील कोष्टके असत आणि १९२७ मध्ये टिपेट यांनी ४१,६०० अंकांचे पहिले असे कोष्टक प्रसिद्ध केले. ‘मनाला येईल तो’ म्हणजे यादृच्छिक नव्हे. वर्गात एक ते दहामधला आकडा मनात धरायला सांगितला की सात म्हणणारे हात भराभर वर जातात.

यादीतील दर अमुकव्या घटकाची निवड सोयीची असते, पण इमारतींत ती जपून करावी. प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असतील आणि आपण दर चौथी घेतली, तर १०४, २०४, ३०४ अशा एकाच कोपऱ्यातल्या, एकाच आकाराच्या सदनिका हाती येतात.

काही आकडे फारच मोठे आले, तर ते वगळावेत का?

नोंदीची चूक सिद्ध झाली तरच. तळेगावच्या मुलाची ७५ मिनिटे वगळली तर उरलेल्यांची सरासरी २५ येते, आणि ती या वर्गाची सरासरी नव्हे. एकूण गरज, एकूण वजन किंवा एकूण खर्च काढायचा असेल तर सरासरीला पर्याय नाही. ‘सर्वसाधारण विद्यार्थ्याला किती वेळ लागतो’ एवढेच सांगायचे असेल तर मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, द्यावा, तो येथे ३० आहे. पण मध्यक दिला आहे असे स्पष्ट लिहावे.

संगणकावर कोणते सूत्र वापरावे, आणि अहवालात उत्तर कसे लिहावे?

एक्सेलमध्ये सरासरीसाठी ‘अ‍ॅव्हरेज’ आणि नमुन्याच्या प्रमाण विचलनासाठी ‘एसटीडीईव्ही डॉट एस’ वापरावे. ‘डॉट पी’ हे पूर्ण समष्टी मोजली असेल तेव्हाचे, ते एक वजा करत नाही. अंतरालाची अर्धी रुंदी ‘कॉन्फिडन्स डॉट टी’ देते, मात्र त्यात पहिला आकडा ०.९५ नव्हे तर ०.०५ लिहावा लागतो. स्तरांची वजने द्यायची असतील तर ‘समप्रॉडक्ट’ सोयीचे पडते. किलोच्या दहाव्या भागापर्यंत वजन केले असेल तर सरासरी दशांशाच्या चार स्थळांपर्यंत देऊ नये. गोण्यांच्या पाहणीचे वाक्य असे असावे: ‘गाळ्यावरील ६०० गोण्यांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ३६ गोण्यांचे, बारदान वजा करून, सरासरी वजन ४८.६ किलो आले. ९५ टक्के विश्वास-अंतराल ४८.० ते ४९.२ किलो.’ गोण्या कोणत्या दिवशी उतरल्या होत्या आणि त्या थप्पीत कुठे होत्या, हे त्याच परिच्छेदात पुढच्या वाक्यात यावे.